तीन गॉगल आणि लॅबमधली एक चकती

माझ्या पर्समध्ये गेलं दीड वर्ष पोलरॉइडची एक चकती आहे. काळपट, धातूच्या कड्यात बसवलेली, कड्यावर बाणाची खूण. चोरलेली नाही. एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मी २६ वर्षं काम करते. काठाचा टवका उडाला म्हणून ही चकती निर्लेखनाच्या यादीत गेली होती, ती रीतसर विचारून मागून घेतली. पुढे तिच्या जिवावर पुण्यातल्या पाच-सहा चष्मेवाल्यांच्या डोक्याला मी ताप देणार आहे, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

वय ५१, दोन्ही डोळ्यांना उणे सव्वादोन, डाव्याला थोडा सिलिंडर, म्हणजे ठरावीक दिशेत बसवावा लागणारा नंबर, वर चाळिशी. रविवारी पहाटे आम्हा सहा-सात बायकांच्या सायकली निघतात. कधी सिंहगड, कधी पानशेत, कधी कात्रजचा जुना घाट उतरून शिरवळपर्यंत. पानशेतचा रस्ता सगळ्यात आवडता आणि डोळ्यांना सगळ्यात त्रासाचा. जाताना ऊन पाठीवर असतं, काही वाटत नाही. नऊ-साडेनऊला परत फिरलं की ऊन समोर आणि खडकवासल्याचं पाणी डावीकडे. सगळं पाणी पेटल्यासारखं चमकतं. घरी येऊन आंघोळ करून पडलं तरी मिटल्या डोळ्यांपुढे ती झगझग नाचत राहते. 'पोलराइज्ड गॉगल घे,' असं ग्रुपमध्ये सगळ्याच म्हणाल्या. पोलराइज्ड म्हणजे नक्की काय, हे त्यातल्या एकीलाही विचारलं असतं तर 'चांगल्या क्वालिटीचा' हेच उत्तर आलं असतं. दुकानदारांचं उत्तरही तेच आहे, फक्त ते आत्मविश्वासाने देतात.

तर तीन गॉगल घेतले. साडेतीनशेचा, अठराशेचा आणि सात हजार चारशेचा. कंपन्यांची नावं लिहीत नाही. मॉडेलं सारखी बदलतात, तुम्ही दुकानात जाल तेव्हा मी घेतलेलं मॉडेल तिथे असेलच असं नाही. तपासायचं कसं ते मात्र बदलत नाही.

पहिला गॉगल लक्ष्मी रोडला एका हातगाडीवर घेतला. 'ताई, एकदम ओरिजनल पोलराइज्ड,' म्हणत गाडीवाल्याने एक कार्ड पुढे केलं. नुसत्या डोळ्यांना कार्ड कोरं, गॉगलमधून पाहिलं की त्यावर मासा आणि होडी. आजूबाजूच्या दोन पोरी 'अय्या' म्हणाल्या. मी काही म्हणाले नाही, पण खरं सांगायचं तर मीही भुलले. कार्ड खोटं नव्हतं. काच पोलराइज्ड आहे एवढंच ते सांगतं, आणि काच पोलराइज्ड होतीच.

घरी आल्यावर चकती काढली. पद्धत सोपी आहे. गॉगल उजेडाकडे धरायचा, त्याच्यापुढे चकती धरून हळूहळू फिरवायची. काच पोलराइज्ड असेल तर एका ठिकाणी जवळजवळ काळी पडते, आणखी चौथाई फेरा दिला की पुन्हा उजळते. उजवी काच अगदी शहाण्यासारखी काळी पडली, चकतीचा बाण बरोबर आडवा असताना. डावी काच त्या जागी पडली नाही. बाण आणखी १५-२० अंश कलवल्यावर पडली. म्हणजे डाव्या काचेतली फिल्म तिरकी कापून बसवली होती.

याने काय होतं ते पुढच्याच रविवारी कळलं. खडकवासल्याच्या काठाने येताना उजव्या डोळ्याला पाणी शांत हिरवट दिसत होतं आणि डाव्या डोळ्यात त्याच पाण्यावर चकाकीचा चुरा. दोन डोळ्यांनी दोन बातम्या दिल्या की मेंदू बिचारा कुणाचं ऐकणार? डोणज्याच्या फाट्यापर्यंत कपाळ ठणकायला लागलं. फिल्म २० अंशांनी तिरकी असेल तर अडवायच्या चकाकीतली सुमारे १२ टक्के आत शिरते. १२ टक्के ऐकायला कमी वाटतं, पण उन्हाची १२ टक्के म्हणजे थोडी नाही. तो गॉगल आता भाचीच्या गॅदरिंगच्या सामानात आहे. तिथे शोभतो.

पोलराइज्डची भानगड इथेच सांगून टाकते, दुकानात कुणी सांगणार नाही. उन्हाचा प्रकाश सगळ्या दिशांना कंप पावत येतो. पाणी, डांबर, ओला कातळ अशा सपाट गोष्टींवरून तो तिरका परतला की त्यात आडवं कंपन जास्त उरतं. डोळ्यांना टोचते ती झगझग हीच. गॉगलमधली फिल्म आडवं कंपन गिळते आणि उभं आत सोडते. १८०८ साली पॅरिसमध्ये मालुस नावाचा फ्रेंच इंजिनिअर लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेलं ऊन एका स्फटिकातून पाहत होता, स्फटिक फिरवला तशी त्यातली प्रतिमा फिकी-गडद झाली, आणि हा सगळा प्रकार उजेडात आला. स्फटिकाऐवजी स्वस्त फिल्म १९२९ च्या सुमारास एडविन लँडने केली, पुढे पोलरॉइड कंपनी काढली तो हाच. आजच्या फिल्ममध्ये असतं काय, तर ताणून आयोडीन पाजलेलं प्लास्टिक. जखमेवर लावतो तेच आयोडीन.

यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची. पोलराइज्ड म्हणजे जास्त काळा नव्हे आणि जास्त चांगलाही नव्हे. तो एका ठरावीक कामाचा आहे. अल्ट्राव्हायोलेट अडवणं हे वेगळंच काम, काळेपणा हे तिसरं. तिन्ही कामं एका काचेत असतील किंवा नसतीलही. अल्ट्राव्हायोलेट न अडवणारी काळी काच तर नागड्या डोळ्यांपेक्षा वाईट, कारण काळोखी आली म्हणून बुबुळाचं दार मोठं उघडतं आणि नको ते जास्त आत येतं.

ते तपासायलाही सोपी युक्ती आहे. चांगल्या चष्मेवाल्याकडे अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असते. ती पाचशेच्या नोटेवर मारली की नोटेचा नंबर चमकतो. मध्ये गॉगलची काच धरली की चमक विझायला हवी. मी गंमत म्हणून लॅबमधला ॲसिडसाठी वापरतो तो पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा चष्माही धरून पाहिला. चमक विझली. अगदी पांढरी काच, पण काम चोख. तेव्हा काळ्या रंगावर जाऊ नका.

दुसरा गॉगल, अठराशेचा, खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानातून. पॉलिकार्बोनेट, राखाडी काच, गालाला वळसा घालणारी फ्रेम, नाकावर मऊ रबर. चकती लावली, दोन्ही काचा एकाच क्षणी काळ्या. काडीच्या आतल्या बाजूला '३' छापलेलं होतं. हा आकडा बघत जा. काचेच्या काळेपणाच्या श्रेणी ० ते ४ असतात. ३ म्हणजे उजेडातला ८ ते १८ टक्के आत येतो, आपल्याकडच्या उन्हाला हेच लागतं. २ म्हणजे १८ ते ४३ टक्के, ढगाळ दिवसाला बरी. ४ म्हणजे ३ ते ८ टक्के, ती बर्फाळ डोंगरावर किंवा भर समुद्रात घालायची, रस्त्यावर गाडी चालवताना मुळीच नाही. एका दुकानात मला '४ म्हणजे सगळ्यात भारी' असं सांगून सायकलसाठी तीच गळ्यात मारत होते.

या गॉगलला चष्म्याचा नंबर नसल्यामुळे आत कॉन्टॅक्ट लेन्स घालावी लागायची. ती घातली की लांबचं लख्ख आणि जवळचं गायब. चाळिशीच्या माणसाची ही तऱ्हा. पण गॉगल म्हणून तो चांगला निघाला. घाम आला तरी नाकावरून घसरत नाही, आणि आमच्या घराण्याचं नाक बसकं असल्यामुळे हे मी मोठं प्रशस्तिपत्र समजते. हेल्मेटचा पट्टा आणि काडी यांची मारामारी होत नाही. चढावर वेग कमी झाला की बाकीच्यांचे गॉगल वाफेने भरतात, याच्या काचेच्या वर बारीक फटी आहेत, तो भरत नाही. एकच तक्रार: फ्रेमची वरची पट्टी कपाळाला टेकते आणि टिकली पट्टीला चिकटून येते. खेळाचे गॉगल काढणाऱ्यांच्या डोक्यात टिकली लावून सायकल चालवणारी बाई अजून आलेली दिसत नाही. मी आता टिकली खिशात ठेवते, घरी आल्यावर लावते.

पाण्याच्या बाजूला फरक पहिल्याच दिवशी जाणवला. पानशेतहून येताना डावीकडचं पाणी विझल्यासारखं झालं. डांबरावरचा पांढरा तजेला गेला, खड्ड्याच्या कडा स्पष्ट झाल्या. समोरून येणाऱ्या गाडीच्या काचेवरची आभाळाची सावली गेली आणि ड्रायव्हरचं तोंड दिसायला लागलं. सायकलवाल्याला याचा फार उपयोग असतो. ड्रायव्हर आपल्याकडे बघतोय की मोबाईलकडे, हे आधी कळलेलं बरं. गाड्यांच्या बाजूच्या काचांवर मात्र ओळीने ठिपके-ठिपके दिसायला लागतात. काच खराब नसते, कडक करताना तिच्यात राहिलेला ताण पोलराइज्डमधून दिसतो. मैत्रिणीने घाबरून डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता जे जाहिरातीत नसतं ते. टँकरच्या स्टीलच्या पाठीवरची चमक या गॉगलने तसूभर कमी होत नाही. धातूवरून परतणारा प्रकाश पाण्यासारखा एका दिशेचा होत नाही. बाणेरच्या रस्त्यावर काचेच्या इमारती आहेत, त्यांच्यावरून तिरका अंगावर येणारा उजेडही तसाच टोचतो. उभी भिंत असल्यामुळे तिथलं कंपन उभं असतं, आणि उभ्याला तर आपला गॉगल दार उघडून देतो.

आणि फोन. खेड शिवापूरच्या पुढे एका टपरीवर चहा घेतला, पैसे द्यायला फोन काढला तर स्क्रीन काळी. बटण दाबलं, तीच गत. चहावाल्याला म्हटलं, 'दादा, फोन मेला, पुढच्या रविवारी देते.' त्याने शांतपणे सांगितलं, 'ताई, चष्मा काढा.' दिवसातून एकदा तरी कुणीतरी असं करतं म्हणे. माझा फोन उभा धरला की दिसतो, आडवा केला की काळा. मैत्रिणीचा बरोबर उलटा, आणि एकीचा कसाही धरा, दिसतोच. म्हणून हँडलवर फोन किंवा मीटर लावून रस्ता बघत चालवणाऱ्यांनी ते यंत्र दुकानात न्यावं आणि गॉगल घालून बघावं. दुकानात फोन काळा पडला म्हणजे गॉगल खरा, असं दुकानदार म्हणेल. खरा असेल, पण तुमच्या कामाचा आहे का, ते तुम्ही ठरवा.

कात्रजच्या जुन्या बोगद्यात मात्र माझी चांगलीच तंतरली. शिंदेवाडीकडून घाट चढून आलो, बाहेर अकराचं ऊन, डोळे त्याला सरावलेले. बोगद्याच्या तोंडात शिरले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. दिव्यांचे पिवळे डाग तेवढे वर. मागून मोटारसायकलचा आवाज बोगदाभर घुमत येतोय आणि खाली रस्ता आहे की नाही तेच कळत नाही. गॉगल एका हाताने नाकावरून खाली ओढला आणि वरच्या फटीतून बघत बाहेर पडले. यात पोलराइज्डचा काही दोष नाही, तो ३ नंबरच्या काळेपणाचा दोष आहे. तरी घाटातले लोक फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात काळी पडणारी काच का घेत नाहीत, असं कुणी विचारेल. ती पडते काळी, पण उजळायला मिनिटं लागतात, बोगदा त्याआधी संपतो. शिवाय कडक उकाड्यात ती पुरेशी काळीही होत नाही.

यापेक्षा वाईट प्रकार जूनमध्ये सिंहगडाच्या घाटात झाला. पहिला पाऊस होऊन गेला होता, वर ऊन पडलं होतं. रस्ता कोरडा दिसत होता. कोरडा नव्हता. एका वळणावर डोंगरातून आलेलं लाल पाणी पसरलं होतं आणि त्याची चमक, जी बघून आपण ब्रेक दाबतो, ती गॉगलने आधीच खाल्ली होती. मागचं चाक गेलं. पडले नाही, पण पाय टेकवताना पोटरी खरचटली. चकाकी हा नेहमीच शत्रू नसतो, कधीकधी ती खबर देते. ओल, तेल, शेवाळलेला दगड आधी चमकून दिसतो, मग पायाखाली येतो. तेव्हापासून जून ते सप्टेंबर साधी पांढरी पॉलिकार्बोनेटची काच, सायकलला आणि ट्रेकलाही. पोलराइज्ड कपाटात.

तिसरा गॉगल, चष्म्याच्या नंबरचा. चार दुकानं फिरले. पहिल्या तिघांनी गालाला वळसा घालणाऱ्या फ्रेममध्ये नंबर बसवून देतो म्हणून लगेच बिल करायला घेतलं. चौथा चष्मेवाला थोडा तिरसट, पण तो म्हणाला, 'मॅडम, एवढ्या वळणाला तुमचा नंबर घातला तर कडेचं वाकडं दिसेल, खड्डा आहे तिथे दिसणार नाही. कमी वळणाची फ्रेम घ्या, कडेने थोडं ऊन येईल.' हे ऐकून मी तिथेच बसले. काच तपकिरी, कारण तपकिरीत मातीचे, गवताचे, खड्ड्यांचे उंचसखलपणे उठून दिसतात. राखाडीत रंग खरे राहतात, पण सगळं थोडं सपाट. '८५ टक्के टिंट' असं त्याने कागदावर लिहिलं. म्हणजे १५ टक्के आत, पुन्हा ३ नंबरच. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे खालच्या भागात वाचायचा नंबर असलेली काच, नको म्हटलं. सायकलवर खालच्या भागातून वाचायचं नसतं, रस्ता बघायचा असतो.

आठवड्याने गॉगल आला. काउंटरवरच चकती काढली. चष्मेवाला म्हणाला, 'हे काय?' म्हटलं, 'लॅबमधली आहे.' फिरवली. उजवी बाण आडवा असताना काळी, डावी थोडी पुढे. सहा-सात अंश असेल. हातगाडीवाल्याएवढं नाही, पण सात हजार चारशेत मी एक अंशही सोडणार नव्हते. तो म्हणाला, 'एवढं कुणाला जाणवत नाही.' मी म्हटलं, 'मग तुम्हीच बघा.' त्याने बघितलं. एकदा, दोनदा. मग काच उजेडाकडे धरून स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, आतल्या मुलाला हाक मारली आणि डावी काच परत पाठवली. नंबरच्या काचेत सिलिंडर असतो तेव्हा त्याची दिशा आणि फिल्मची दिशा दोन्ही जुळवावी लागतात, तिथे घोळ होतो. दहा दिवसांनी आलेली काच बरोबर होती. आता तो नवीन पोलराइज्ड आला की दोन गॉगल एकावर एक आडवे-उभे धरून गिऱ्हाइकासमोर तपासतो. ही युक्ती कुणालाही जमते, चकती लागत नाही. दुकानातले दोन पोलराइज्ड घ्या, एकामागे एक धरा, मागचा उभा करा. दोन्ही काचा सारख्याच काळ्या पडल्या पाहिजेत. एक काळी आणि एक करडी राहिली तर पुढच्या दुकानात.

हे सगळं झाल्यावर जानेवारीत रत्नागिरीला गेले. दादा ५८ वर्षांचा, पन्नास वर्षं गरवतोय, म्हणजे गरीने मासे धरतोय, आणि डोक्यावर टोपीशिवाय काही घालत नाही. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढून आलंय. पाण्यावर उन्हातान्हात जन्म काढणाऱ्यांना होतं ते. डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय, गॉगल घाल. दोनदा त्याने हो म्हटलंय.

ओहोटीला पाणी सुकायला लागलं तसे आम्ही भाट्याला झरी विनायकाच्या पुढे खडपावर, म्हणजे पाण्याकाठच्या कातळावर, जाऊन बसलो. थंडीत पाणी निवळलेलं असतं. दादाने गरीला कोळंबी लावली, टाकली. मी नंबरचा गॉगल घातला आणि उभी राहिले.

तोपर्यंत मी पोलराइज्डकडे त्रास कमी करणारी वस्तू म्हणून बघत होते. इथे उलटंच झालं. पाण्यावरचं कवच कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसा तळ वर आला. कालवांनी भरलेला कातळ, त्याला चिकटलेलं हिरवं-तपकिरी शेवाळ, लाटेबरोबर ते सगळं एका बाजूला झुकतंय आणि परत येतंय. मधल्या वाळूच्या पट्ट्यावर सूर्याच्या जाळ्या हलतायत. त्या पट्ट्यावरून बोय माशांचा थवा आला, वीसेक असतील, राखाडी पाठी, सगळे एकाच अंगाने वळले आणि कातळाच्या सावलीत गेले. मी मान थोडी उजवीकडे कलती केली. सगळं परत पांढऱ्या पत्र्यासारखं. मान सरळ केली, बोय परत.

'दादा, तुझ्या गरीच्या डाव्या हाताला सावलीत आहेत.'

'काय गो, पाण्यात बघतेस काय?' तो म्हणाला. त्याला दिसत होता तो पत्राच.

मग मीच मनात हिशोब घातला. पाण्यावरून परतणारी चकाकी सगळ्यात जास्त एका दिशेची असते ती पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशात बघितलं तर. खडप दोन मीटर उंच, माझे डोळे त्याच्या दीड मीटर वर, म्हणजे साडेचार मीटरवरचं पाणी सगळ्यात स्वच्छ दिसणार. तसंच होतं. पायाखाली सरळ बघितलं तर फरक थोडा, लांब खाडीच्या तोंडाकडे बघितलं तरी झगझग उरतेच. मधला एक पट्टा काचेसारखा. बसून बघितलं तर तो पट्टा जवळ सरकतो. होडीत, कयाकवर, तळ्याकाठी, जिथे जाल तिथे आपला पट्टा आधी शोधून ठेवायचा. मासा दिसतो त्याहून खोल असतो, एवढं लक्षात ठेवून गरी थोडी अलीकडे टाकायची. हे दादाला न शिकता येतं, मला शिकूनही जमत नाही.

अठराशेचा पिशवीत होता, तो त्याला दिला. दादाने 'बघू' म्हणून नाकावर चढवला आणि गप्प झाला. पाचेक मिनिटं काहीच बोलला नाही. मग जागा सोडून कातळाच्या दुसऱ्या अंगाला गेला, गुडघ्यावर बसला आणि गरी अशा ठिकाणी टाकली जिथे मी त्याला आयुष्यात कधी टाकताना बघितलं नव्हतं. संध्याकाळी वहिनीने दोन पालू आणि एक छोटा गोब्रा साफ केला. गॉगलमुळे मिळाले असं मी म्हणणार नाही. दादा तर मुळीच म्हणणार नाही.

निगा थोडक्यात. खारं पाणी उडालं की ओढणीने पुसायचं नाही, मिठाचे कण काचेवर रेघा ओढतात. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटाने, मग मऊ कापड. खिडक्यांच्या काचा पुसायचा फवारा वापरू नये, वरचा लेप जातो. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. ग्रुपमधल्या एकीचा बऱ्यापैकी महाग गॉगल एप्रिलभर डॅशबोर्डवर राहिला, काचेच्या कडेला फिल्मचा पापुद्रा सुटला, साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसायला लागले. काच अनेक थरांची चिकटवलेली असते, तिला उकाडा सोसत नाही. वॉरंटीत हे बसत नाही म्हणाले.

पैशाचं म्हणाल तर नंबर नसेल तर दीड-दोन हजारांत मिळणाऱ्यापेक्षा जास्त देण्याचं कारण मला सापडलं नाही. त्याच्या वरचे पैसे बहुतेक नावाचे. नंबर असेल तर मात्र हात सैल सोडा आणि चष्मेवाला पारखून घ्या, फ्रेम नंतर. नुसती सायकल चालवत असाल, पाण्याच्या काठाने जात नसाल, तर साधी अल्ट्राव्हायोलेट अडवणारी तपकिरी काच घ्या, पोलराइज्डची गरज नाही. हे ऐकून ग्रुपमधल्या दोघी माझ्यावर रुसल्या आहेत, कारण त्यांनी माझ्या आग्रहानेच घेतले होते.

अठराशेचा परत आलेला नाही. मार्चमध्ये फोनवर विचारलं तर दादा म्हणाला, 'तो होय? आहे की.' परवा वहिनीचा फोन होता. दादाने गॉगलच्या दोन्ही काड्यांना गरीची नायलॉनची दोरी बांधून गळ्यात अडकवलाय, आणि आता शेजारच्या काकांनाही हवाय. चकती घेऊन ये म्हणाली.